डिस्नीलँडची मॅजिक की घ्यायची का? आधी मागच्या वर्षीचं कॅलेंडर उघडा

इथे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या अर्वाइनला एखादं मराठी कुटुंब नव्याने राहायला आलं की दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न हमखास येतो. ताई, डिस्नीचा वर्षाचा पास घेऊ का, शेजारच्या सगळ्यांकडे आहे, मुलं मागे लागलीयेत. पूर्वी मी लगेच "घ्या घ्या" म्हणायचे. आता आधी दोन गोष्टी विचारते. मागच्या बारा महिन्यांत तुमच्याकडे पाहुणे कधी कधी आले होते, आणि आठवड्याच्या मधल्या वारी तुमच्यापैकी कोणाला तरी पाचच्या सुमारास ऑफिसमधून निघता येतं का. समोरच्याला वाटतं विषय पैशांचा चाललाय आणि ही भलतंच काय विचारतेय, पण पास वसूल होणार की नाही हे किमतीपेक्षा या दोन उत्तरांवर जास्त ठरतं, हे मी आमच्या घरात आणि आजूबाजूच्या चार-पाच घरांत बघितलंय.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय, नवीन आलेल्यांसाठी.

आधी हा प्रकार काय आहे ते

अ‍ॅनाहाइमचं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला सुरू झालं आणि त्याच्या समोरच असलेलं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर २००१ मध्ये. म्हणजे पार्कं दोन आहेत, हे बऱ्याच जणांना पहिल्या ट्रिपला तिथे पोचल्यावरच कळतं. पूर्वी वर्षाच्या पासला अ‍ॅन्युअल पासपोर्ट म्हणायचे. कोविडमध्ये मार्च २०२० पासून पार्क वर्षभराहून जास्त बंद होतं, त्या काळात जानेवारी २०२१ मध्ये ती स्कीम बंद केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नवीन आली, तीच ही मॅजिक की. हा इतिहास सांगायचं कारण असं की इथे पंधरा-वीस वर्षं राहिलेले लोक जो सल्ला देतात तो पुष्कळदा जुन्या पासपोर्टचा असतो, "अगं मनात आलं की जायचं, गेटवर पास दाखवायचा." आता तसं नाहीये. आता की असली तरी त्या दिवसाचं रिझर्वेशन करावं लागतं, आणि प्रत्येक कीला वर्षातले काही दिवस बंद असतात. त्यांना ब्लॉकआउट डेट्स म्हणतात.

की चार प्रकारच्या आहेत, इमॅजिन, एक्सप्लोर, बिलीव्ह आणि इन्स्पायर. ऑक्टोबर २०२५ मध्ये जे भाव जाहीर झाले त्यात इमॅजिन ५९९ डॉलर, एक्सप्लोर साधारण हजार, बिलीव्ह १,४७४ आणि इन्स्पायर १,८९९. इमॅजिन फक्त सदर्न कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना मिळते, म्हणजे झिप कोड ९०००० ते ९३५९९ मध्ये असायला हवा. सॅन डिएगोवाले बसतात त्यात, बे एरियावाले (सॅन फ्रान्सिस्कोकडचे) नाही. चारही कींमध्ये एकाच दिवशी दोन्ही पार्कांत जाता येतं, तिकिटावर हीच सोय हवी असेल तर वेगळे पैसे पडतात. एका दिवसाचं एका पार्कचं तिकीट, दिवस कोणता त्याप्रमाणे, १०४ पासून २२४ डॉलरपर्यंत. पार्किंग ४० डॉलर. हे भाव दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास वाढतात तेव्हा घ्यायच्या दिवशी परत एकदा बघून घ्या.

कॅलेंडर उघडा, खरंच उघडा

फोनमधलं मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणि फोटो गॅलरी, दोन्ही समोर घ्या. येत्या वर्षात आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज बांधू नका, मागच्या वर्षी किती शनिवार-रविवार खरोखर मोकळे होते ते मोजा. मुलांचं स्विमिंग, मराठी शाळा, कोणाचं बारसं, कोणाचा वाढदिवस, मंडळाचा गणपती, कॉस्कोची खरेदी, हे सगळं काढून टाका. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी अंदाज लावला होता वीस फेऱ्यांचा, आणि कॅलेंडर बघितल्यावर महिन्याला एकसुद्धा पूर्ण मोकळा शनिवार निघेना.

मग एक कागद घ्या आणि त्यावर तीन प्रकारचे दिवस लिहा. शनिवार-रविवार जे नक्की जमतील, वारच्या (सोमवार ते शुक्रवारच्या) संध्याकाळी ज्या जमतील, आणि पाहुण्यांचे दिवस. हे तिन्ही वेगळे ठेवायचे कारण मॅजिक की त्यांना वेगवेगळं वागवते. इमॅजिनला बहुतेक वीकेंड, उन्हाळ्याच्या सुट्टीतले बरेच दिवस आणि सणांच्या आसपासचे दिवस बंद असतात, ती मूळची आठवड्याच्या मधल्या वारी जाणाऱ्यांची की आहे. जसजशी की महाग होते तसतसे बंद दिवस कमी होतात, पण नाताळच्या आठवड्यात सगळ्यात महागडी इन्स्पायरसुद्धा बंद असते. साइटवर प्रत्येक कीचं ब्लॉकआउट कॅलेंडर असतं, ते उघडून तुमच्या कागदावरचा एकेक दिवस त्याच्याशी ताडून बघा, बंद निघाला की खोडा. या कामाला अर्धा तास लागतो आणि मला विचाराल तर अख्ख्या निर्णयातला हाच अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा आहे, बाकी बेरीज-वजाबाकी नंतर पाच मिनिटांची.

पाहुण्यांचं जरा सविस्तर सांगते कारण आपल्या लोकांचं हेच वेगळं असतं. एलएच्या आसपास राहायचं म्हणजे वर्षाला दोन-तीन घरं तरी उतरणार आणि प्रत्येकाला डिस्नीलँड बघायचंच असतं. मग आपल्याला वाटतं आपल्याकडे पास असला की आपलं तिकीट वाचेल. आता बघा, न्यू जर्सीची नणंद येते थँक्सगिव्हिंगला नाहीतर ख्रिसमसला, तेव्हा की बंद तरी असते किंवा रिझर्वेशन भरलेलं असतं. पुण्याहून भाऊ-वहिनी मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत येतात, ते चालतं, पण वारी गेलात तर, आणि तुमच्या मुलांची शाळा तेव्हा चालू असते, इथली शाळा जूनमध्ये संपते. म्हणजे पाहुण्यांच्या भरवशावर इमॅजिन घेणार असाल तर घेऊ नका. बिलीव्ह किंवा इन्स्पायरचा विचार पाहुण्यांमुळे होऊ शकतो, पण तेव्हासुद्धा ते दिवस कॅलेंडरवर उघडे आहेत का ते बघूनच.

हिशोब कोणत्या तिकिटाशी करायचा

सगळे जण इथे चुकतात. ५९९ भागिले २२४, तीन वेळा गेलो की वसूल, असं म्हणतात. पण २२४ चं तिकीट ज्या दिवशी असतं त्या दिवशी तुमची इमॅजिन चालतच नाही! इमॅजिनचे उघडे दिवस म्हणजे मुख्यतः स्वस्त दिवस, तेव्हा भागायचं १०४ किंवा त्याच्या थोड्या वरच्या आकड्याने. १०४ ने भागलं तर सहाव्या फेरीला वसूल होते.

त्यातही एक गोष्ट नवीन लोकांना माहीतच नसते. सदर्न कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी डिस्नी वर्षातून काही महिने स्वस्त तिकीट काढतं. २०२५ च्या सुरुवातीला तीन दिवसांचं तिकीट १९९ डॉलरला होतं, सोमवार ते गुरुवार वापरायचं, एका दिवशी एक पार्क. म्हणजे दिवसाला ६७ डॉलरच्या आत. आता या तिकिटाशी तुलना केली तर ५९९ ची की नऊ दिवस गेल्यावर बरोबरीला येते. तुमच्या कागदावर खोडून झाल्यावर तीन-चारच दिवस उरले असतील तर अशा तिकिटाची वाट बघा, माणशी चारशे डॉलरचा फरक आहे आणि तिघांचे बाराशे झाले, त्यात पुण्याच्या एका विमान तिकिटाचा बराच भाग निघतो.

पार्किंग हा दुसरा गोंधळ. इन्स्पायरमध्ये पार्किंग फुकट आहे म्हणून ती घेणारे मला बरेच भेटलेत. इमॅजिन आणि इन्स्पायरमध्ये १,३०० डॉलरचा फरक आहे, ४० ने भागा, बत्तीसपेक्षा जास्त फेऱ्या नुसत्या पार्किंगसाठी कराव्या लागतील. आणि पार्किंग गाडीमागे असतं, माणसामागे नाही. चौघांनी इन्स्पायर घेतली म्हणून चार गाड्यांचं पार्किंग थोडंच वाचणार. काही घरांत एकाकडेच मोठी की असते, पार्किंग आणि खरेदीवरची सूट त्या एकावर घेतात, बाकीच्यांच्या लहान की. हे चांगलं चालतं, फक्त बंद दिवस वेगवेगळे होतात हे लक्षात ठेवून.

खाण्यावर आणि वस्तूंवर सूट मिळते ती मी हिशोबात धरतच नाही. लहान कींवर ती दहा टक्के असते, साठ डॉलरचं खाल्लं तर सहा डॉलर. उलट आत घरचं खाणं न्यायला परवानगी आहे हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. काचेची बाटली नको, गरम करावं लागेल असं काही नको, बाकी तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे पराठे, लाडू, सगळं चालतं, बॅग चेक करणारे बघतात आणि सोडतात. काउंटरवर साधं बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. डबा नेणारं कुटुंब वर्षभरात जे वाचवतं ते सवलतीच्या टक्क्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं.

घरातल्या प्रत्येकाला की लागते का?

नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. तीन पूर्ण झाली की मात्र कीमध्ये लहान-मोठा असा भेद नाही, तीन वर्षांच्या बाळाची की आणि तुमची की एकाच किमतीला. (तिकिटात ३ ते ९ वयाला थोडं कमी असतं, कीमध्ये तेही नाही.) धाकट्याला तीन व्हायला सहा-सात महिने असतील तर आईबाबांनी की घ्यायची हाच खरा चांगला काळ, ते सगळे महिने तो फुकट येतो.

उंचीचं बघा. आमची थोरली पाच वर्षांची व्हायच्या आधी आम्ही बिग थंडर माउंटन या राइडच्या रांगेशी गेलो, तिथे लाकडी पट्टी असते, मापणाऱ्या मुलीने हसून तिला उभं केलं, हिने हळूच टाचा उचलल्या, ती म्हणाली टाचा खाली, आणि पट्टी डोक्यावर अर्ध्या बोटाने रिकामी राहिली. थोरली काही बोलली नाही, माझा हात धरून बाहेर आली आणि कॅरूसेलपर्यंत एक शब्द नाही. मला ते अजून आठवतं. तेव्हा घरीच दाराच्या चौकटीला उभं करून, जे बूट घालून जाणार ते घालून मापा. ४० इंच म्हणजे साधारण १०२ सेंटिमीटर झाले की स्पेस माउंटन, बिग थंडर, रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स, बऱ्याच राइड्स एकदम उघडतात. मॅटरहॉर्नला ४२ लागतात, इंडियाना जोन्सला ४६, इनक्रेडिकोस्टरला ४८. मूल ३८-३९ वर असेल आणि त्याला मोठ्या राइड्सचीच ओढ असेल तर चार-सहा महिने थांबून की घ्या. पण ज्या मुलाला नुसती केसी ज्युनिअरची ट्रेन आणि स्मॉल वर्ल्डची होडी पुरते त्याच्यासाठी थांबायची काही गरज नाही.

नवऱ्याला वारी जमतच नसेल तर त्याची की घेऊ नका. हे बोलायला जड जातं, सगळ्यांची एकत्र हवी असं वाटतं, पण माझ्या ओळखीच्या एका घरात आई आणि सहा वर्षांची मुलगी दोघींचीच की आहे, दोघी शाळा सुटल्यावर जातात, बाबा वर्षातून दोनदा तिकीट काढून येतो, आणि तिघंही खूश आहेत.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांची काढू का? नको. इमॅजिनसाठी इथला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, ते त्यांच्याकडे नसतं. की नावावर असते, फोटो असतो, आज बाबांनी वापरली उद्या काकांनी असं होत नाही. त्यांना दोन किंवा तीन दिवसांचं तिकीट काढा, ते पहिल्या वापरापासून १३ दिवसांत वापरायचं असतं, म्हणजे एक दिवस जाऊन आल्यावर चार दिवस पाय दुखायचे थांबू देऊन परत जाता येतं. माझ्या सासूबाईंना राइड्सपेक्षा मेन स्ट्रीटवर बसून परेड बघणं जास्त आवडलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आई-बाबा इथे असतील तर कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरच्या फेस्टिव्हल ऑफ हॉलिडेजमध्ये दिवाळीचा भाग असतो, नाच-गाणी असतात, ते त्यांना जरूर दाखवा.

आकड्यांत न बसणारं

मी मुंबईची. लहानपणी आम्ही एस्सेलवर्ल्डला वर्षा-दोन वर्षांतून एकदा जायचो, सकाळच्या पहिल्या लाँचने गोराईला, शेवटच्या लाँचने परत, आणि आई-बाबांनी काढलेल्या तिकिटाचा एकही मिनिट वाया जाऊ द्यायचा नाही. इथेही मी सुरुवातीला तशीच वागायचे, सकाळी आठला गेटवर, रात्री फटाके बघूनच बाहेर, धाकटा दुपारी रडून रडून झोपला तरी ओढत न्यायचं. तिकिटाच्या दिवशी असंच होतं, दीडशे डॉलर डोक्यात असतात.

की आल्यावर ते सुटलं. फेब्रुवारीतला एक मंगळवार सांगते. पाचला निघालो, आय-फाइव्ह हायवेवर नेहमीचं ट्रॅफिक, गाडी लावून ट्रॅमने आत जाईपर्यंत सव्वासहा. थोरली शाळेच्याच टीशर्टवर. संक्रांतीनंतर परत एकदा केलेल्या गुळाच्या पोळ्या फॉइलमध्ये होत्या, किल्ल्याजवळच्या बाकावर बसून खाल्ल्या, फॉइलला तूप लागलेलं ते धाकट्याने बोटाने पुसून चाटलं. केसी ज्युनिअरमध्ये दोनदा बसलो, एकदा माकडांच्या डब्यात हवं म्हणून थांबून. आठला धाकटा स्ट्रोलरमध्ये झोपला, साडेनवाला घरी. दोन राइड्स झाल्या फक्त. आणि थोरली गाडीत म्हणाली की आज कोणी घाई घाई केलं नाही.

तुमच्याकडे अशा संध्याकाळी असतील, घर अर्ध्या-पाऊण तासावर असेल, तर की घ्या, फेऱ्यांचा आकडा एक-दोनने कमी पडला तरी घ्या. घर दोन तासांवर असेल, सॅन डिएगोच्या दक्षिणेला वगैरे, तर तीन तासांसाठी कोणी येत नाही, तुमची प्रत्येक फेरी पूर्ण दिवसाचीच होणार, तेव्हा हिशोब कडक करा. बे एरियातून येणाऱ्यांना तर पाच-सात दिवसांची ट्रिप वर्षातून दोनदा नक्की असेल तरच, नाहीतर चार-पाच दिवसांचं तिकीट बरं.

घेतल्यावर

रिझर्वेशनची शिस्त लावून घ्यावी लागते. एका वेळी हातात किती रिझर्वेशन ठेवता येतील त्याला मर्यादा आहे, इमॅजिनला दोन, इन्स्पायरला सहा. वीकेंड आधी भरतात. जायचं रद्द झालं तर आदल्या रात्री बारा वाजायच्या आत कॅन्सल करायचं, नाहीतर ते नो-शो (बुक करून न आलेले) धरतात, आणि ९० दिवसांत तीन नो-शो झाले की ३० दिवस नवीन रिझर्वेशन करता येत नाही. मुलांना ताप रात्री दहाला येतो आणि त्या गडबडीत हे लक्षात राहत नाही, माझे असे दोन झालेत. तेव्हापासून रिझर्वेशनच्या आदल्या दिवशी रात्री साडेनऊचा अलार्म असतो फोनमध्ये. हे रिझर्वेशन प्रकरण किती तापलं होतं ते यावरून समजा की सुरुवातीला ड्रीम की नावाची की होती, "बंद दिवस नाहीत" म्हणून विकलेली, पण त्या लोकांनाही तारखा मिळेनात, त्यावरून कोर्टात केस झाली आणि डिस्नीने ९५ लाख डॉलरवर तडजोड केली.

हॅलोविनची उगी बुगी बॅश पार्टी वेगळ्या तिकिटाची असते, त्या संध्याकाळी कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर बाकीच्यांना लवकर बंद होतं. वारी संध्याकाळी जाणाऱ्यांनी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत हे बघून निघावं.

घ्यायचा महिनाही बघा. इमॅजिन जूनच्या सुरुवातीला घेतलीत तर पहिले अडीच महिने बरेचसे बंद दिवसांतच जातील. शाळा सुरू झाल्यावर, ऑगस्टच्या शेवटी घेतली तर लगेच वापरात येते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना हप्त्यांची सोय आहे, थोडं डाउन पेमेंट आणि बाकी बारा महिन्यांत, व्याज नाही. सोय चांगली आहे, पण घेतलेली की परत होत नाही. नोकरी बदलून टेक्सासला जायचं घाटत असेल, किंवा एच-वन व्हिसाच्या एक्स्टेंशनचं काही लटकलं असेल, तर हप्ता लहान दिसतो म्हणून सही करू नका.

आणि सगळं करूनही ठरत नसेल तर आधी एक साधं तिकीट काढून जा. दिवसभर फिरा, मुलं कशी राहतात, तुमचे पाय काय म्हणतात, परतीचा रस्ता किती खातो ते बघा. की घ्यावीशी वाटली तर त्या तिकिटाचे पैसे कीच्या किमतीत वळते करून मिळतात, फक्त तिकीट संपायच्या आत, म्हणजे एका दिवसाचं असेल तर त्याच दिवशी बाहेर पडायच्या आधी. त्या वेळी कीची विक्री चालू आहे का ते सकाळीच साइटवर बघून निघा, मधेमधे ती थांबवतात. आणि इमॅजिन घ्यायचा विचार असेल तर ज्या लायसन्सवर इथला पत्ता आहे ते घरी विसरू नका.